निशाणी आतून

संगणकावर पत्रा वाकवणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे, कारण तिथं पत्राच नसतो. पडद्यावर राखाडी रंगाची एक आकृती असते, एक बटण दाबलं की ती गोल होते, दुसरं दाबलं की उलगडून सपाट होते. हाताला ओरखडा नाही, कानाला दणका नाही, नाकात झाळताना उठणारा नवसागराचा धूर नाही. बोट कापलंच तर कागदानं कापतं. मी हे काम पंचवीसेक वर्षं केलं. नळ्यांचे कोपर, धान ओतायची निमुळती तोंडं, एका बाजूनं चौकोनी आणि दुसऱ्या बाजूनं गोल असलेले गळे, असं काय काय पडद्यावर उभं केलं आणि मग सपाट करून कागदावर उतरवलं. सपाट पत्रा नेमका कोणत्या आकाराचा कापला की वाकवल्यावर हवी ती वस्तू होईल, एवढंच त्या कागदावरून कारागिराला कळायला हवं असतं. याला लोक डिझाइन म्हणतात आणि करणाऱ्याला इंजिनीअर. मी इंजिनीअर नाही, पण मला सगळे मॅडम म्हणत आणि मी म्हणू देत असे.

हे काम मी शिकले चंद्रपुरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. सहा संगणक, बावीस पोरं आणि मी. शिकवणाऱ्या सरांना कोणतं बटण कुठं आहे हे पक्कं माहीत होतं आणि त्यापलीकडं काहीही माहीत नव्हतं. गोल भाग सपाट करताना पडद्यावर एक चौकट उघडायची, तिच्यात शून्य टिंब काहीतरी असा एक आकडा भरावा लागायचा. सर सांगायचे, हाच भरायचा, नेहमी हाच. एका पोरानं एकदा विचारलं की सर, हा आकडा कशाचा? सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ते सॉफ्टवेअर पाहून घेते, तू पुढं चाल." बावीस पोरांनी तो आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. त्यातले निम्मे आज कुठं ना कुठं साहेब आहेत आणि मला खात्री आहे की तोच आकडा भरत आहेत.

मला तो आकडा कशाचा हे ठाऊक होतं. मी आठ वर्षांची असताना अब्बांनी पत्र्याची एक पट्टी बोटानं वाकवून माझ्या नाकासमोर धरली होती. "हे पाय, वाकवला का पत्रा आतून दबते अन् बाहेरून ताणते. मधात कुठीतरी एक जागा असते, तिले काईच होत नाई. आपल्याले त्या जागेची लंबाई कापाची असते." सरांचा आकडा म्हणजे ती मधली जागा. हे मी वर्गात बोलले नाही. बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, तुला कुणी सांगितलं? आणि मग बावीस पोरांसमोर सांगावं लागलं असतं की माझा बाप अहेरीला बाजारात बसून बादल्या ठोकतो. मी तो आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

अहेरीला आमचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या. मधे भिंत होती, पण ती आवाजासाठी नव्हती. सकाळी अम्मी चहाला आधण ठेवायची तेव्हापासून लाकडी मोगरीची ठकठक सुरू व्हायची आणि आम्ही तिच्या वरच्या पट्टीत बोलायचो. आजही मी फोनवर ओरडते असं लोक म्हणतात. घरातली बोली म्हणजे नुसती खिचडी. आपसांत हिंदी, गिऱ्हाइकाशी झाडीबोली, आठवडी बाजाराच्या दिवशी थोडी गोंडी आणि सिरोंच्याकडचं कुणी आलं तर तेलुगू. अब्बांना कामाबद्दल बोलायचं असलं की मात्र ते घरातसुद्धा झाडीतच बोलायचे. दुपारी भात आणि लाखोळीची डाळ, पावसाळ्यात वास्त्यांची भाजी, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. अम्मी ते दोन पाण्यातून उकळून काढायची, तरी त्याचा वास आणि नवसागराचा वास घरात एकमेकांशी भांडत राहायचे. जुम्म्याला नमाजाच्या वेळी तेवढी मोगरी थांबायची आणि मग आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं.

अब्बांचं नाव हबीब. अहेरीत त्यांना हबीबभाऊ टिनवाले म्हणत. धानाच्या कोठ्या, बादल्या, मासळीची टोपली, चाळण्या, गिरणीचे नळ, पत्र्याचं जे म्हणाल ते. त्यांच्या कामात एक रीत होती आणि ती मोडलेली मी लहानपणी कधी पाहिली नाही. कापायच्या आणि वाकवायच्या रेघा ते टोकदार खिळ्यानं पत्र्यावर ओढायचे, आणि जी बाजू वस्तूच्या आत जाणार तिच्यावरच ओढायचे. पत्र्यावर ओरखडा पडला की वरचं जस्त जातं आणि जस्त गेलं की गंज तिथूनच चढतो. आतून ओरखडा असला तर जोड देताना त्याच्यावरून डाख, म्हणजे वितळवलेलं कथील, फिरतो आणि ओरखडा झाकला जातो. बाहेरचा उघडाच राहतो. "निशाणी आतून," असं ते दर वस्तूच्या वेळी पुटपुटायचे, दुसरं कुणी बिस्मिल्ला म्हणेल तसं. खरं तर बिस्मिल्लाही म्हणायचेच, पण ते आधी. गाव मात्र तेव्हाच प्लास्टिकच्या बादलीवर भाळलं होतं. निळी-लाल बादली डोक्यावर धरून बाया आमच्या दुकानासमोरून मिरवत जायच्या आणि दोन उन्हाळ्यांत ती फुटली की तिला डाख लावून द्या म्हणून अब्बांकडं यायच्या. प्लास्टिकला डाख! अब्बा हसायचे. मला त्या बायांचा संताप यायचा आणि हसणाऱ्या अब्बांचाही.

आता मला कधीमधी एखाद्या कॉलेजात बोलावतात. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. सूत्रसंचालन करणारी मुलगी कागदावरून वाचते की मॅडमना वडिलांकडून पारंपरिक ज्ञानाचा समृद्ध वारसा लाभला. समोर बसलेले प्राध्यापक माना डोलावतात. त्यांच्यापैकी एकानंही आयुष्यात पत्रा कापलेला नसतो आणि ज्यानं कापला त्याला ते आपल्या ओट्यावर बसू देणार नाहीत. मी शाल घेते. घरी तशा बऱ्याच साठल्या आहेत.

क्लास संपल्यावर मी खेडीकर साहेबांच्या वर्कशॉपमध्ये लागले. राहायला चंद्रपुरातच खालाकडं, म्हणजे मावशीकडं होते. खेडीकर साहेब म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं आणि तोंडात "प्रिसिजन" हा शब्द. हा शब्द ते दिवसाला वीस वेळा वापरायचे, जेवणाच्या डब्याबद्दलसुद्धा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "अहेरीला धंदा आहे." ते म्हणाले, "कशाचा? हार्डवेअर?" मी म्हटलं, "हो." इतकं सोपं होतं ते. खोटं बोलायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही, साहेबांनीच ते तयार करून हातात दिलं. घरी अब्बांशी ठरलं होतं की एक वर्ष बघायचं. साहेबांनी कायम केलं तर मी चंद्रपुरात राहणार, नाही केलं तर परत यायचं आणि बल्लारपूरच्या चुलत्यानं आणलेल्या स्थळाला हो म्हणायचं. तो मुलगा मी एकदा पाहिला होता. तो जेवताना फक्त स्वतःच्या दातांबद्दल बोलत होता. मला कायम व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं.

वर्षाचे दहा महिने गेले असतील, तेव्हा अहेरीच्या एका भातगिरणीचं काम आलं. गिरणीतला कोंडा ओढून घेणारा पंखा बसवायचा होता आणि पंख्यापासून नळापर्यंत एक गळा करायचा होता. एका टोकाला लांबट चौकोन, दुसऱ्या टोकाला गोल, आणि गोल तोंड चौकोनाच्या समोर नाही, तर उजवीकडं सरकलेलं आणि खालीही उतरलेलं. असा तिरपा गळा पडद्यावर सपाट करायला दोन दिवस लागले, कारण पहिल्या दिवशी संगणकच तीनदा बंद पडला. तयार गळा ट्रकमधून नेणं परवडत नव्हतं, म्हणून सपाट पत्रेच न्यायचे असं ठरलं. माझ्या कागदावरून वर्कशॉपमध्ये पत्रे कापायचे, वाकवायच्या रेघांवर पंचानं ठिपके मारायचे, टेम्पोत घालून पाठवायचे, आणि तिथं गिरणीवाल्यानं गावातला एखादा टिनवाला बघून ते वाकवून रिवेट मारून घ्यायचे. साहेबांना ही कल्पना स्वतःची वाटत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

कागद तयार झाल्यावर मी त्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहिली, "ठिपके बाहेरच्या बाजूला ठेवून वाकवणे." आमच्या वर्कशॉपमध्ये ठिपके बाहेरच असायचे, माल शेवटी रंगात बुडायचा, त्यामुळं कुणाला काही फरक पडत नव्हता. पण बाजारातला टिनवाला ठिपके आत घेणार हे मला दिसत होतं, आणि ठिपके आत घेऊन तो गळा वाकवला तर तोंड उजवीकडं न येता डावीकडं येणार. साहेबांनी ती ओळ वाचली आणि भुवया वर केल्या. "हे काऊन लिहिलं?"

"सर, टिनवाले लोक निशाणी आतून ठेवतात."

"तुले काय माहीत टिनवाले काय करतात ते?"

त्यांना खरंच फक्त कुतूहल होतं. मी काहीही सांगू शकले असते. कुठं तरी पाहिलं, कुणीतरी सांगितलं. पण मी म्हटलं, "नाही सर, उगाच लिहिलं," आणि ती ओळ खोडून टाकली. साहेब म्हणाले, "ड्रॉइंगवर नको ते लिहू नये. प्रिसिजन." दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचा फोन आला की टिनवाला सापडला, गावातला सगळ्यात चांगला, हबीबभाऊ. साहेबांनी ते नाव वहीत टिपून घेतलं आणि मी खाली मान घालून संगणकाकडं बघत बसले.

त्या रविवारी मी घरी गेले. अम्मीनं मासोळीचं कालवण केलं होतं. अब्बा माझी वाटच बघत होते. मी चपला काढायच्या आधीच म्हणाले, "तुह्या कंपनीचं काम आलं माह्याकडं! पत्रे पाह्यले मी, गिरणीत ठेवले हायेत. मस्त कापले. तूच काढले का कागद?" मी हो म्हटलं. त्यांनी अम्मीकडं असं बघितलं, जणू तिला हरवलं. मी जेवायला बसले आणि पहिला घास घेण्याआधी ते बोलून टाकलं, कारण नंतर माझ्यानं बोलणं झालं नसतं. कंपनीचा नियम आहे, म्हटलं, नातेवाइकाला काम देता येत नाही. साहेब फिटिंगच्या दिवशी येतील, मीही येईन, तेव्हा आपण ओळख दाखवायची नाही. असा कोणताही नियम नव्हता. अम्मीचा हात भातावरच थांबला. अब्बा मात्र हसले. "बरं. मंग मी तुले ओळखत नाई. तुले मॅडम म्हणू का?" मी म्हटलं, म्हणा.

त्यांना ठिपक्यांचं सांगायला तेव्हाच पुरेसा वेळ होता. अख्खी दुपार होती. त्याला मी विसरले असं म्हणणार नाही. मी नुकतंच बापाला सांगितलं होतं की मला ओळखू नका, आणि त्यानंतर पत्र्याचा विषयच मला नको होता. त्यांनी दोनदा काढला, मी दोनदा बदलला. शेवटच्या बसनं चंद्रपूरला परत आले. येताना अम्मीनं जवसाच्या चटणीची पुडी बांधून दिली, पण नेहमीसारखी दारापर्यंत आली नाही.

गिरणीत आम्ही साहेबांच्या जीपमधून गेलो. मी ओढणी नीट घेतली होती आणि छातीशी फाइल धरली होती. कोंड्यानं सगळं पिवळट झालं होतं. पंखा आणि नळ त्याच सकाळी बसवले होते आणि मधे जमिनीवर तो गळा उभा होता, पूर्ण वाकवलेला, रिवेट मारलेला. एकट्यानं, मोगरीनं, यंत्राशिवाय इतकं स्वच्छ काम आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी केलं नसतं. कुठं पोचा नाही, कुठं कड उचललेली नाही. ठिपके आत होते. तोंड डावीकडं होतं.

हमालांनी तो उचलून पंख्याला लावून पाहिला. चौकोन बरोब्बर बसला आणि गोल तोंड नळाकडं पाठ करून दुसऱ्याच दिशेला उघडलं. गिरणीवाला बघतच राहिला. खेडीकर साहेबांनी पेन काढलं, परत खिशात ठेवलं आणि मग ते सुरू झाले. "हे काय करून ठेवलं? अख्खा पीस उलटा! अडाणी लोकांच्या हातात काम दिलं की हेच होते. कागद वाचता येते का तुले?"

अब्बा कपड्याला हात पुसत उभे होते. म्हणाले, "साहेब, निशाणी आतूनच असते. चाळीस वर्सं झाले मले हे काम करून."

"कागदावर लिहिलं होतं का आतून म्हणून?"

"बाहेरून म्हणून बी नाई लिहिलं, साहेब."

हे इतकं खरं होतं की साहेब थेट माझ्याकडं वळले.  "ड्रॉइंग या मॅडमनं काढलं. शकीला, सांग याले. ठिपके कुठून असतात?"

अब्बांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. ठरल्याप्रमाणे अगदी नीट वागत होते ते, दारात मी आले तेव्हाही त्यांनी मान वळवली नव्हती. ते म्हणाले, "सांगा मॅडम. आतून का बाहेरून?"

मला काय सांगता आलं असतं ते मी आयुष्यभर मोजत बसले आहे. सर, या माणसाची चूक नाही, ती ओळ मी लिहिली होती आणि खोडली. सर, याच्या जागी कोणताही टिनवाला असता तर त्यानं हेच केलं असतं. सर, हे माझे वडील आहेत. यातलं काहीही. आणि मला आठवत होतं ते बल्लारपूरच्या त्या मुलाचं तोंड आणि त्याचे दात.

"बाहेरून," मी म्हटलं.

खणखणीत म्हटलं. माझा आवाज तसाही मोठाच. दोन हमाल माझ्याकडं बघायला लागले.

अब्बांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी आज हे लिहीत बसले नसते, कारण मग आम्ही कधीतरी भांडलो असतो आणि मिटलं असतं. राग आला नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "मॅडमनं सांगतलं म्हणजे तसंच असन. चूक माही झाली, साहेब. मी करून देतो." आणि खाली बसून त्यांनी एकेक रिवेट छिन्नीनं उडवायला सुरुवात केली. दुपारभर ते पत्रे त्यांनी उलट मोगरीनं सरळ केले आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा वाकवले. एकदा वाकवलेला पत्रा उलटा वाकवायचा म्हणजे घडी चिरायची भीती असते, म्हणून ते फार हळू ठोकत होते. साहेब गिरणीवाल्याच्या ऑफिसात कूलरसमोर बसून त्याला प्रिसिजन समजावत होते. मी बाहेर जीपजवळ उभी राहिले. उन्हात उभं राहिलं म्हणजे काही भरून निघेल अशी माझी समजूत होती की काय कुणास ठाऊक. मूर्ख होते.

गळा बसला. जाताना साहेब जीपमध्ये म्हणाले, "पाहिलं? आपण ठाम राहिलं की लेबर ऐकते. चांगली बोललीस." पुढच्या महिन्यात त्यांनी मला कायम केलं. बल्लारपूरच्या मुलाचं लग्न दुसरीकडं जमलं. त्याच्या बायकोला आता पंचवीस वर्षांची त्याच्या दातांची माहिती असेल.

गिरणीनंतर मी घरी गेले, तेव्हा वाटलं होतं की अब्बा काहीतरी बोलतील. बोलले, पण ते मला नाही. ते अम्मीला सांगत होते, आणि मी मागच्या खोलीत ऐकत होते. "तू पाहाले पाह्यजे होतं. एवढा मोठा साहेब, एवढे लोक, अन् आपली पोरगी एका शब्दात बोलली. डगमगली नाई. मीच जुन्या हिशोबानं चाललो होतो, आता तसं नसते."  अम्मी मला जन्मल्यापासून ओळखत होती. त्या संध्याकाळी तिनं पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची भाजी केली, मला वाढली आणि समोर बसून मी जेवेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली. मी ताट साफ केलं.

नंतर मी घरी कमी जायला लागले. काम असायचं, आणि नसलं तरी असायचं. वर्षभरानं ईदला गेले, तेव्हा दुकानात वच्छलाबाई आल्या. त्या बाजारात मासळी विकायला बसायच्या आणि अब्बांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी पत्र्याचं एक टोपलं फळीवर आपटलं. "हबीबभाऊ, नजर गेली का हात गेला तुमचा? सहा महिने नाई झाले नेऊन, पाहा हे." टोपल्याला बाहेरून, बुडाच्या घडीच्या रेघेवर आणि जोडाच्या रेघेवर, गंजाच्या तांबड्या रेषा चढल्या होत्या. सरळ, कुणीतरी पट्टी धरून काढाव्यात तशा. मी फळीवरची दुसरी भांडी पाहिली. नव्या बादल्या, एक कोठी, दोन झाऱ्या. सगळ्यांवर खिळ्याचे ओरखडे बाहेरून होते.

अब्बा हसले. टोपलं हातात घेऊन अंगठ्यानं गंज घासत म्हणाले, "नजर नाई गेली बाई. आता पद्धतच अशी हाय. शिकलेले लोक निशाणी बाहेरूनच करतेत. माहे हात जुने, त्याईले वळण लागाले वेळ लागून राह्यला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सांग न बाईले, शकीला. बाहेरूनच असते न?"

एका वाक्याचं काम होतं. अब्बा, आमच्याकडं वरून रंग चढतो म्हणून चालतं, तुमच्या कामात निशाणी आतूनच हवी, तुमचं चुकलंच नव्हतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग दुसरं आलं असतं, की मग गिरणीत तू तसं काऊन बोलली, आणि त्याच्या मागं खोडलेली ती ओळ. वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. अब्बा माझ्याकडं बघत होते आणि त्यांना त्या बाईसमोर आपली शिकलेली मुलगी दाखवायची होती.

"हो, अब्बा," मी म्हटलं.

ते आणखी अकरा वर्षं जगले, शेवटच्या वर्षापर्यंत काम करत होते. गिऱ्हाइकं हळूहळू कमी झाली. लोक म्हणाले, हबीबभाऊंच्या मालाला आता पहिल्यासारखी जान नाही, लवकर गंजते. मीही ते ऐकलं, चंद्रपुरात, खालाच्या घरी चहा पिताना, आणि म्हणाले की वय झालं आता त्यांचं.